कोबीचा दगड आणि अडतीस टक्के

आमच्या भाषेत ग्वोझ्देन या नावाचा अर्थ लोखंडी. आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव असं ठेवलं की मृत्यू चावायला आला तर त्याचेच दात पडावेत. मुलं जगत नाहीत त्या घरात धोंडू-दगडू जन्माला येतात, तशातलाच हा प्रकार. पण नावात लोखंड असलं म्हणून काळजात असतंच असं नाही. आमच्या गल्लीत ग्वोझ्देनइतका भित्रा माणूस दुसरा नाही. हे मी बेचाळीस वर्षं त्याच्या तोंडावर सांगत आलेय, तेव्हा इथं लिहिलं तर ती काही चहाडी होत नाही.

मी स्वतः छत्तीस वर्षं औषधाच्या दुकानात होते. गावात कोण कशाला भितं हे पाद्रीबाबांच्या आधी मला कळायचं, कारण माणूस पापं लपवतो, गोळ्या लपवता येत नाहीत. ग्वोझ्देन कुत्र्यांना भ्यायचा, विजेला भ्यायचा, रानातल्या अळंब्यांना भ्यायचा, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधून जो वारा वाहतो त्याला सगळ्यात जास्त. त्या वाऱ्याला आमच्याकडे सगळेच भितात. त्यानं मान धरते, मूत्रपिंडं बिघडतात, तोंड वाकडं होतं, असं शिकलेली माणसंसुद्धा मानतात. पण ग्वोझ्देन ऑगस्टच्या उन्हात बसमध्ये खिडकी लावायला लावणारा माणूस.

आणि असल्या माणसाच्या नशिबात नोकरी कुठली आली? विजेची मीटरं वाचायची. म्हणजे रोज चाळीस अनोळखी आवारं आणि चाळीस कुत्री. एकतीस वर्षं केली त्यानं ती. बॅटरी, वही, कानामागे पेन्सिल, आणि खिशात कुत्र्यांसाठी चरबीचे तुकडे. कशाच्या जोरावर केली, तर एकाच श्रद्धेच्या. "माणूस खोटं बोलतो, कोसा," तो मला म्हणायचा, "आकडा बोलत नाही." सख्ख्या मेहुण्यानं मीटरमध्ये फोटोच्या फिल्मची पट्टी सरकवून चकती अडवली होती, तर यानं त्याचंही नाव वहीत लिहिलं. मेहुणा अकरा वर्षं सणालासुद्धा आला नाही. ग्वोझ्देनला वाईट वाटलं, पण आकड्यापुढे मेहुणा म्हणजे काय?

निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यात, बेकरीच्या मागच्या भिंतीवरचं मीटर वाचता वाचता तो कोसळला. नाडी मिनिटाला चौतीस. जिल्ह्याच्या इस्पितळात छातीत पेसमेकर बसवला. मुलगी यास्ना ऑस्ट्रियाहून धावत आली, आठवडाभर रडली, आणि जाताना लॅपटॉप ठेवून गेली. दर रविवारी जेवण झालं की तात्यांचं तोंड दिसलंच पाहिजे, नाहीतर मी नोकरी सोडून येईन, असा दम देऊन गेली.

एकाच आठवड्यात त्या घरात दोन बॅटऱ्या आल्या, हे लक्षात ठेवा. ग्वोझ्देनच्या लक्षात ते पक्कं राहिलं होतं.

त्याची बायको स्तामेन्का फार प्रेमळ. आमच्याकडे जी वस्तू महाग आणि नाजूक, तिच्याखाली क्रोशाचा रुमाल आणि वरही क्रोशाचा रुमाल. तिनं लॅपटॉपला दोन्ही विणले, वरच्याला गुलाबाची झालर. जागा दिली स्वयंपाकघरात, लाकडाच्या चुलीशेजारी, म्हणजे त्याला ऊब मिळेल. खिडकी बंद, म्हणजे त्याला वारा लागणार नाही. आणि वायर भिंतीतून कधी काढायची नाही, म्हणजे बिचारा उपाशी राहणार नाही. सात वर्षं तो लॅपटॉप घरजावयासारखा राहिला. भरल्या पोटी, उबेत, एका जागी.

गेल्या ऑक्टोबरात ग्वोझ्देन पेसमेकर तपासायला गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीवर तपासायची चकती ठेवली, कागद पाहिला आणि म्हणाल्या, "बॅटरी बदलायच्या खुणेपाशी आलीय. आता बदलू या. तीन महिने हातात आहेत, पण ताणू नका. नोव्हेंबरातली तारीख देते."

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, कुंपणावरून, स्तामेन्काच्या कॉफीला उकळी यायच्या आत.

"मग? घाबरला असेल," मी म्हटलं.

"नाही ना! तेच तर. म्हणतो, आकडा मिळालाय, तीन महिने. कॅलेंडरवर रेघ मारून ठेवलीय. आधी संत निकोलसचा सण होऊ दे, मग बघू म्हणतो."

घराण्याच्या संताचा सण आमच्याकडे कोणी चुकवत नाही हे खरं, पण तो डिसेंबरच्या एकोणिसाला. नोव्हेंबरातली तारीख त्यानं फोन करून परत केली. सर्दी झालीय म्हणाला. सर्दी-बिर्दी काही नव्हती, मला विचारा. सर्दीची गोळी कोणी नेली हे अजूनही मला कळतं.

पुढच्या रविवारी आभाळ कोसळलं. यास्ना स्क्रीनवर होती. ग्वोझ्देननं आदल्या दिवशी कोबीचं पिंप भरलं होतं, हिवाळ्याचं खारवण, पन्नास गड्डे, आणि ते लेकीला दाखवायची त्याला हौस आली. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं भिंतीतून वायर काढली, लॅपटॉप कडेवर घेतला आणि अंगणातल्या खोपटात निघाला. "बघ गं, केवढाले गड्डे! तुझ्या ऑस्ट्रियात असले–" एवढ्यात यास्ना गेली. तोंड उघडं, एक हात वर, आणि एकदम काळोख. कोपऱ्यात शेवटचा आकडा त्यानं पाहिला होता. अडतीस टक्के.

मीटर वाचणारा माणूस तो. आत जाऊन वायर लावली, शंभर होऊ दिले, वायर काढली, आणि वही घेऊन समोर बसला. दहा मिनिटांत शंभरचे साठ, साठचे एकेचाळीस, आणि काळोख. पुन्हा केलं. छत्तीसला काळोख. तिसऱ्यांदा अडतीसलाच.

मी मीठ मागायला गेले होते. म्हणजे बातमी काढायला, मीठ घरी होतं. तो खुर्चीत बसला होता, वही मांडीवर, आणि चेहरा पिठासारखा.

"कोसा, आकडा खोटं बोलतो."

"बोलू दे की. तुझा मेहुणा खूश होईल."

"तुला कळत नाही. अडतीस शिल्लक म्हणाला आणि मेला. शिल्लक असताना मेला." त्यानं उजवा हात डाव्या खांद्याखाली नेला, जिथं पेसमेकरची डबी आहे तिथं, पण टेकवला नाही. "हा आणि हा एकाच आठवड्यात आलेत. जुळे आहेत ते. माझे तीन महिने कुणी सांगितले? आकड्यानं."

मला गंमत वाटली, खोटं कशाला सांगू? घरी येऊन एकटीच हसले. पण दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं.

ग्वोझ्देननं हलणं सोडलं. सकाळी खुर्चीत बसायचा तो संध्याकाळपर्यंत. दोन बोटं मनगटावर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. अंगणात जाईना, पायरी चढेना, लाकडं फोडायला शेजारच्याला बोलवी. दाराची घंटा वाजली की दचकायचा आणि मग दचकण्यात किती खर्च झालं या विचारानं पुन्हा घाबरायचा. रविवारी यास्नाशी बोलताना फक्त मान हलवायचा. ती विचारायची, "तात्या, घसा बसलाय का?" आणि स्तामेन्का मागून म्हणायची, "हो गं, वाऱ्यात बसला होता," आणि एप्रनचं टोक तोंडाला लावून आत जायची.

"कोसा, हसवू नकोस हं," मी दारात दिसले की तो आधीच म्हणायचा. "हसण्यात जातं."

"काय जातं?"

"चार्ज."

"अरे, मग बदलून का घेत नाहीस, लोखंड्या? डॉक्टरीण बदलते म्हणतेय ना?"

त्याची दोन बोटं मनगटावर. ओठ हलत होते, मोजत होता. मग इतक्या हळू म्हणाला की मला वाकावं लागलं. "जुनी काढणार. मग नवी लावणार. कोसा, मधे काय?"

"मधे म्हणजे?"

"मधे. जुनी निघाली आणि नवी लागली नाही, तेवढ्यात कोण ठोके देणार?"

प्रश्न अवघड असला की मी थट्टा करते, ही माझी जुनी खोड. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीचं पत्रक छापतात, फोटोसकट, आणि विजेच्या खांबावर, बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर चिकटवतात. सकाळी पाव आणायला जाताना आम्ही म्हातारी माणसं आधी खांब वाचतो. तर मी म्हटलं, "एवढी खात्री असेल तर तुझं पत्रक मी आत्ताच छापायला टाकते. फोटो कुठला घालायचा तेवढं सांग, लग्नातला की नोकरीवरचा?"

तो हसला नाही. चिडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लाकडं फोडणाऱ्या शेजाऱ्यानं माझ्या दाराखालून एक पाकीट सरकवलं. आत त्याचा फोटो. कोट घातलेला, केस विंचरलेले, आणि मागे पेन्सिलीनं लिहिलेलं, "हा बरा आहे. स्तामेन्काला सांगू नकोस."

मी पाकीट हातात घेऊन मोरीच्या कडेवर बसले. आयुष्यभर लोकांना टोचलंय मी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात तिच्या सासूला टोचलंय, पण माझ्या टोचण्यावर असा फोटो कोणी पाठवला नव्हता. हा माणूस खुर्चीत बसून मरायची तयारी करत होता, आणि हातात उरलेले दिवस भीतीत घालवत होता. कॅलेंडरवरच्या त्या रेघेपर्यंत पोचलाच तरी खुर्चीतच पोचला असता.

आता दगडाकडे येते.

लॅपटॉपचं झाकण नोव्हेंबरात लागेनासं झालं. आधी बोटभर उघडं राहायचं, मग दोन बोटं. बटणांची पाटी मधे फुगली, जशी जुनी फरशी झाडाच्या मुळानं फुगते. स्तामेन्काला उघडी राहिलेली वस्तू बघवत नाही. धूळ जाते, वारा जातो. तिनं पिंपातल्या कोबीवर ठेवायचे दोन दगड धुऊन ठेवले होते, मोरावा नदीतले, गुळगुळीत. एक पिंपात गेला होता. दुसरा तिनं लॅपटॉपवर ठेवला, खाली गुलाबाच्या झालरीचा रुमाल घालून. कोबी वर येऊ नये म्हणून दगड ठेवतात, मग झाकण का वर यावं?

आणि हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाहून काय म्हटलं? "तो मोठा दगड ठेव, हा हलका आहे." तिनं पिंपातला मोठा काढून ठेवला, हलका पिंपात टाकला. आमच्या तिघांच्या वयांची बेरीज सव्वादोनशे, आणि अक्कल ही एवढी.

चार दिवसांनी मी कॉफीला गेले तर स्वयंपाकघरात वास. गोडसर, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा.

"काय गं, नखं रंगवलीस?" मी विचारलं.

"या वयात? मला वाटलं तूच काही फवारून आलीस. म्हटलं, कोसाला पुन्हा कोणी भेटलं की काय."

औषधाच्या दुकानात छत्तीस वर्षं घालवलेलं नाक म्हातारं झालं तरी नाकच असतं. मी वासाच्या मागे गेले. चूल नाही, कपाट नाही, बेसिन नाही. दगडाशी थांबले. वाकले. लॅपटॉपच्या बाजूच्या फटीतून तो वास येत होता, आणि हात जवळ नेला तर ऊब. चूल तर विझलेली होती.

"ग्वोझ्देन," मी म्हटलं, "वायर काढ."

"काय झालं?"

"वायर काढ म्हणते ना! आणि तो दगड उचल. हळू."

तो उठला. महिनाभरात पहिल्यांदा उठलेला मी पाहिला. वायर त्यानं काढली आणि दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलला; निसटला तर, म्हणून मीही खालून हात लावला. दगड जमिनीवर टेकला तेव्हा झाकण आपोआप वर आलं, कुणीतरी आतून उसासा टाकल्यासारखं.

गावात असल्या वस्तू दुरुस्त करते झागोर्का. पंचावन्नची असेल, तरुणपणी रेडिओच्या कारखान्यात होती, कारखाना बंद पडला तेव्हा बाजाराच्या मागे छोटं दुकान टाकलं. तोंडात सतत सिगारेट आणि जिभेवर सतत शिव्या. आम्ही लॅपटॉप घमेल्यात घातला, खाली राख, आणि ग्वोझ्देननं घमेलं उचललं. स्तामेन्का म्हणाली, "तू नको, तुझं–" आणि थांबली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "घरात तू आहेस," एवढंच म्हणाला, आणि निघाला. बाजारातून आम्ही तिघं चाललो, तो पुढे हात लांब करून, जणू घमेल्यात झोपलेलं मांजर आहे आणि ते जागं होता कामा नये. मिरच्या विकणारी म्हणाली, "काय काका, राख विकायला काढली?" त्याचे ओठ हलत होते. पावलं मोजत होता की ठोके, ते मी विचारलं नाही.

झागोर्कानं एक नजर टाकली आणि सिगारेट विझवली. तिनं सिगारेट विझवलेली मी कधी पाहिली नव्हती. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"कोणी हलू नका. काका, ते मागच्या अंगणात फरशीवर ठेवा. हळू. आपटलंत तर माझं दुकान, तुम्ही आणि मी, सगळे एकाच पत्रकावर."

अंगणात तिनं गुडघे टेकले, जाड हातमोजे घातले, खालचे स्क्रू एकेक काढले. आम्ही भिंतीला पाठ लावून उभे. तळाची पाटी निघाली आणि आतली बॅटरी दिसली. तीन चपट्या पिशव्या असायच्या, त्या उशांसारख्या टम्म फुगल्या होत्या, एकीची शिवण ओलसर. तिनं प्लास्टिकच्या पट्टीनं ती अलगद सोडवली, वाळूनं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, वर आणखी वाळू ओतली आणि मग श्वास सोडला.

"कुठं ठेवला होता हा?"

"चुलीशेजारी," स्तामेन्का म्हणाली.

"हं. आणि वायर?"

"कायम लावलेली. उपाशी नको म्हणून."

"हं. आणि हे झाकण दाबल्यासारखं दिसतंय. वर काय होतं?"

स्तामेन्कानं माझ्याकडे पाहिलं, मी ग्वोझ्देनकडे. शेवटी ग्वोझ्देन म्हणाला, "कोबीचा दगड."

"किती किलोचा?"

"सात."

झागोर्कानं हातमोजे काढले आणि आमच्याकडे एकेकाकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात आगीच्या गोळ्यावर दगड ठेवून त्याशेजारी जेवत होतात. दगड आणखी मोठा का नाही ठेवलात?"

"आधी लहान होता," स्तामेन्का म्हणाली. "कोसा म्हणाली मोठा ठेव."

मी आभाळाकडे पाहिलं.

मग झागोर्कानं स्टुलं दिली, पाणी दिलं, आमची फळांची दारू रकिया दिली. ग्वोझ्देननं रकियाला हात लावला नाही. त्याचे डोळे त्या वाळूच्या डब्यावर. "ती अशी का झाली?" त्यानं विचारलं. "एकदम का मेली? अडतीस होते. मी वहीत लिहिलंय."

"बॅटरी म्हणजे दोन काठ समजा, काका," ती म्हणाली. "चार्ज करताना आतले कण सगळे एका काठाला जातात, वापरताना दुसऱ्या काठाला परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे वाटेतच अडकतात, गाळात रुततात, परत येत नाहीत. म्हणून वापरली तरी ती झिजते. आणि नुसती ठेवली तरी झिजते, जरा हळू. पण तुम्ही तिला सात वर्षं शंभरावर ताठ उभी ठेवलीत, चुलीशेजारी, रुमालात गुंडाळून. त्या उष्णतेनं गाळ दुप्पट वाढला, आत वायू धरला, पोट फुगलं. लाडानं मारलीत."

स्तामेन्कानं रुमाल मुठीत घट्ट धरला होता, गुलाबाच्या झालरीचा.

"पण आकडा?" ग्वोझ्देन म्हणाला. "आकडा खोटं का बोलला?"

"कारण तो आकडा तुमच्या मीटरसारखा नाही. मीटर मोजतं. हा अंदाज करतो, जुन्या आठवणीवरून. नवी असताना तिच्यात केवढं मावायचं ते त्याच्या डोक्यात बसलंय. सात वर्षं वायर काढलीच नाहीत, तर बिचाऱ्याला नवी आठवण कुठून येणार? आणि झिजलेल्या बॅटरीत जोर उरत नाही. थोडं ओढलं की कोलमडते, कागदावर काही का असेना."

मग ग्वोझ्देननं शर्टाचं वरचं बटण काढलं. आम्हाला वाटलं, गरम होतंय. त्यानं कॉलर बाजूला केली आणि खांद्याखालची ती डबी दाखवली, कातडीखाली, काड्यापेटीएवढी. "ही त्याच आठवड्यातली आहे," तो म्हणाला. "हिला तीन महिने सांगितलेत. आता आठ आठवडे उरलेत. हीपण अशीच?"

झागोर्कानं सिगारेट पेटवायला घेतली आणि खाली ठेवली.

"नाही काका. आडनाव एक आहे, घर वेगळं. ती कधी पुन्हा चार्ज होत नाही. एकदा भरलेली, थेंबाथेंबानं उतरणारी. तिला घाईचं काही काम नाही. आणि ती अंदाजानं बोलत नाही, स्वतःला मोजते, आणि संपायच्या खूप आधी हाक मारते. तुम्हाला मारलीय तशी. हाक ऐकून बसून राहणाऱ्याला मात्र कुठली बॅटरी वाचवत नाही."

"आणि हलताना जास्त जाते?"

"नखभर. बसून वाचवलेलं सगळं जमवलंत तर एक दुपार मिळेल. तुम्ही महिनाभर बसलात, गावभर झालंय. मग महिना देऊन दुपार घेतलीत."

ती उठली आणि बॅटरी काढलेला लॅपटॉप तसाच उघड्या पोटानं टेबलावर ठेवून वायर लावली. तो सुरू झाला. पडद्यावर यास्नाचा जुना फोटो, बर्फात उभी. "बघा. यंत्र चांगलं आहे. पडदा चांगला, बिजागरी चांगली. बिजागरी मोडली असती, पडदा गेला असता, तर मी म्हटलं असतं, याच्यावर पैसे घालू नका. पण याचं फक्त पोट बिघडलंय. नवी बॅटरी मागवते, चांगली, रस्त्यावरची स्वस्तातली नव्हे. आणखी चार-पाच वर्षं चालेल."

ग्वोझ्देन पडद्याकडे बघत होता. मग त्यानं बोटानं वायर दाखवली. "ही काढली तर?"

"बंद पडेल. आत बॅटरी नाही ना."

"म्हणजे मधल्या वेळात याला भिंत आहे." त्यानं शर्टाचं बटण लावलं. "मला कुठली भिंत?"

बाजारातून कोंबड्यांचा आवाज येत होता. स्तामेन्का रडत होती, आवाज न करता.

झागोर्का म्हणाली, "हे मला विचारायचं नाही, काका. मी रेडिओवाली. डॉक्टरीणबाईंना विचारलंत?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

एकतीस वर्षं गावातल्या प्रत्येक घरात जाऊन "तुमचा आकडा काय?" विचारणारा हा माणूस. स्वतःसाठी एक प्रश्न विचारायला त्याची जीभ उचलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही तिघं जिल्ह्याला गेलो. बसमध्ये एक खिडकी उघडी होती. त्यानं ती लावायला सांगितली नाही. मला तेवढंही धीराचं वाटेना, उलट त्यानंच जास्त घाबरले.

डॉक्टरीणबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्याचा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "आधी आम्ही तुमच्या हृदयाला थोडा वेळ स्वतःच्या पायावर उभं करून बघतो. बऱ्याच जणांचं स्वतःचं हळू का होईना चालतं. नाही चाललं, तर बाहेरून ठोके देणारं यंत्र आधीच जोडून ठेवतो. तारा त्याच राहतात, फक्त डबी बदलते. जुनी सुटून नवी लागायला काही सेकंद. आणि त्या सेकंदांसाठी मी भिंत तयार ठेवते."

भिंत हा शब्द त्यांनी ग्वोझ्देनच्याच प्रश्नातून उचलला होता.

"सणानंतर," तो म्हणाला.

"गुरुवारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गुरुवारी," स्तामेन्का म्हणाली.

गुरुवारी त्यानं तोच कोट घातला होता, फोटोतला. आत नेताना माझ्याकडे वळून म्हणाला, "पाकीट जपून ठेवलंयस ना?" दार लागलं. स्तामेन्का आणि मी बाकावर. तिनं जपमाळ काढली, मी काही काढलं नाही. थोड्या वेळानं पाहते तर माझीच दोन बोटं माझ्या मनगटावर आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. पन्नास मिनिटं मी माझे ठोके मोजले. मध्ये एकदा आत काहीतरी धातूचं खाली पडल्याचा आवाज झाला, तेव्हा मोजायची विसरले.

तो चाकाच्या पलंगावर बाहेर आला, जागा होता, चेहरा लाल आणि कपाळाला आठी.

"काय रे? दुखतंय?" स्तामेन्का.

"सात आठवडे," तो म्हणाला.

"काय?"

"जुनीत सात आठवडे शिल्लक होते. मी विचारलं, त्यांनी मोजून सांगितलं. सात आठवडे फुकट!" आणि मग, जरा वेळानं, आवाज खाली आणून, "आकडा बरोबर होता, कोसा. तिनं खरं सांगितलं होतं."

बाकी मग घडायचं तसंच घडलं. लॅपटॉपला नवी बॅटरी आली. तो आता खिडकीजवळच्या फळीवर राहतो, खाली चार बुचं, म्हणजे तळाला हवा लागते. वायर कायमची लावायची नाही, ऐंशीच्या आसपास काढायची, अगदी संपू द्यायचंही नाही, असं झागोर्कानं कागदावर लिहून दिलंय. रुमाल मात्र स्तामेन्काला टाकवेना. ते दोन्ही आता कोबीच्या पिंपावर आहेत, दगडाखाली. सणाला मेहुणासुद्धा आला, आणि मला म्हणाला, "ग्वोझ्देनचं लोखंड गंजलंय की काय, बाई? मला बघून त्यानं दार स्वतः उघडलं!" फोटो ग्वोझ्देननं परत मागितला. मी दिला नाही. म्हटलं, चांगला आलाय, कधीतरी कामाला येईलच.

सणानंतरच्या रविवारी त्यानं सकाळपासून वायर काढून ठेवली होती, मुद्दाम. यास्ना स्क्रीनवर आली तेव्हा कोपऱ्यात त्रेचाळीस होते. तिला सगळं कळलं होतं. ती आधी ओरडली, मग रडली, मग पुन्हा ओरडली. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चल, तुला पिंप दाखवायचं राहिलंय," आणि लॅपटॉप घेऊन अंगणात निघाला. आम्ही दोघी मागे. बर्फ पडलं होतं. खोपटाच्या दाराशी चाळीस. झाकण उघडून कोबी दाखवेपर्यंत एकोणचाळीस.

मग अडतीस.

तो बोलायचा थांबला. यास्ना म्हणाली, "तात्या? आवाज येत नाहीये का?" स्तामेन्कानं माझा दंड धरला, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी निळा पडला होता. ग्वोझ्देनचा एक हात लॅपटॉपखाली होता आणि दुसरा, न कळत, कोटाच्या आत, खांद्याखाली. आम्ही तिघं त्या कोपऱ्याकडे बघत होतो, आणि आमच्या तोंडातून वाफ निघत नव्हती, कारण कोणी श्वास घेत नव्हतं.

"तात्या!"

सदतीस.

"ऐकतोय गं," ग्वोझ्देन म्हणाला. "हे बघ, हा मधला गड्डा बघ, चार किलोचा आहे."